वीज पडलेल्या झाडाचं लाकूड

वीज पडलेल्या झाडाचं लाकूड चुलीत घालू नये ही समजूत अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासी लोकांतही होती, हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. जेम्स मूनी नावाच्या अभ्यासकाने 1900 साली हे लिहून ठेवलंय. साध्या माणसाने त्या लाकडाला हात लावला तर हातापायाला भेगा पडतात आणि ते जाळून त्या राखेचं क्षारपाणी केलं तर क्षय होतो असं ते मानायचे. पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं, म्हणजे त्यांचा वैदू त्याच लाकडाच्या ढलप्या जाळून कोळसा करायचा आणि बॉल खेळणाऱ्यांना अंगाला फासायला द्यायचा, का तर त्यांचा फटका विजेसारखा बसावा! अमेरिकेतलेच दुसरे आदिवासी, नावाहो लोकही असं लाकूड टाळतात.

सायन्स म्हणाल तर वीज पडली की झाडातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि साल फाटून उडते, कधी अख्खं खोडच चिरतं. बाकी लाकूड म्हणून ते इतर लाकडासारखंच जळतं, पण असं चिरलेलं झाड जवळून बघितलं की हात लावायची हिंमत होत नाही हे मात्र मला पूर्ण पटतं. आणि तोडायचंच असेल तर खरी भीती लटकलेल्या फांद्यांची, आधी वर बघा.