शेवटचा डबा पहिला

स्टेशन बांधतात ते कुणीतरी चढावं-उतरावं म्हणून. खंडाळ्याच्या थोडं खाली, बोरघाटात, एक स्टेशन मात्र डोंगराने वळायला जागा दिली नाही एवढ्याच कारणाने उभं राहिलं. त्याला सगळे रिव्हर्सिंग स्टेशन म्हणायचे.

मुंबईची गाडी कर्जत सोडून घाट चढू लागे. चढ असा, की 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. धापा टाकत गाडी इथवर पोचायची आणि रूळच संपायचे. मग इंजिन सुटायचं, मागच्या टोकाला जाऊन लागायचं, आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी खंडाळ्याकडे निघायची. पुढे तोंड करून ऐटीत बसलेला माणूस बसल्या जागी पाठमोरा! मला ही कल्पनाच फार आवडते. माघार घेतल्यासारखं करून डोंगर चढायचा, हा कावा सह्याद्रीत शोभूनही दिसतो.

त्याआधीचा प्रवास याहून मजेशीर होता. खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 मध्ये आली, पुणे-खंडाळा 1858 मध्ये सुरू झाली. मधला घाट तसाच. प्रवाशाने एका गाडीतून उतरायचं, पालखीत नाहीतर बैलगाडीत बसून डोंगर पार करायचा आणि दुसरी गाडी धरायची. ही फट 1863 मध्ये बुजली. आखणी जेम्स बर्कली या इंजिनिअरची. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस गाशा गुंडाळून विलायतेला गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि जाणत्या इंजिनिअरांना हाताशी धरून काम पुरं करवलं. 25 बोगदे त्या कातळातून निघाले. सुरुंग लावणाऱ्या, दोराला लटकून कडा फोडणाऱ्या आणि पटकीने तिथेच मेलेल्या हजारो मजुरांची नावं मात्र कुठे सापडत नाहीत. घाटातून जाताना अ‍ॅलिसबाईंपेक्षा मला तेच जास्त आठवतात.

1929 मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि रिव्हर्सिंग स्टेशनचं काम संपलं. पाठोपाठ विजेची इंजिनं आली, 1930 मध्ये डेक्कन क्वीन धावू लागली. तिला मध्येच उलटं फिरायला लावलं असतं, तर पुणेकरांनी काय काय ऐकवलं असतं!

घाट पाहावा तो जुलैत. बोगद्यातून बाहेर यावं तर दरीत नुसतं पांढरं धुकं. पुढच्या बोगद्याआधी ते क्षणभर फाटतं आणि उल्हासचं खोरं, पलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसून जातात. कड्यावरून कोसळणारं पाणी कधी कधी थेट खिडकीत येतं, आणि शटर ओढावं की भिजावं यावर डब्यात दोन तट पडतात. मी भिजणाऱ्यांतला.

चढताना आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून रेटा देणारी जादा इंजिनं लागतात, तेवढ्यात प्रवाशांचे वडे खाऊन होतात. उतरताना ब्रेक तपासायला गाडी घाटात थांबते. मंकी हिलला थांबली, तर नावाला जागणारी मंडळी खिडक्यांशी हजर होतात, आणि 'कशाला थांबवली?' म्हणून कुरकुरणाऱ्या एखाद्या काकांच्या हातातलं केळं बघता बघता नाहीसं होतं.