मालिका चालली ती सकाळी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सावंतवाडीकडची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'रात्रीस खेळ चाले' एवढी चालली ती भुताखेतांमुळे की मालवणी बोलीमुळे?

दोन्हींमुळे, पण माझ्या मते ती खरी चालली सकाळी. मालिका लागायची रात्री साडेदहाला. तेव्हा आमच्याकडे निम्मा गाव झोपलेला, आणि पावसात लाइटचा भरवसा नाही. तरी सकाळी मासळीबाजारात सगळ्यांना सगळं ठाऊक. "काल काय झाला गो? लाइट गेल्ली, माका बघूक गावला नाय," असं कुणी म्हणायचा अवकाश, मासेवाली बांगडे मोजता मोजता अख्खा भाग सांगायची, वर पदरची भर घालून. मालिकेतला जुलमी घरधनी अण्णा नाईक, त्याची प्रेयसी शेवंता; मासेवालीची शेवंता टीव्हीवरच्या शेवंतापेक्षा बरीच जहाल. ऐकण्याच्या नादात गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरायचं. (ती हे मुद्दाम करते, असा माझा दाट संशय आहे.)

२०१६ साली पहिलं पर्व आलं तेव्हा इथले बरेच जण चिडले होते. कोकण म्हणजे करणी आणि देवस्की, अशी बदनामी होते म्हणून. पण चिडलेलेच सगळ्यात नेमाने बघत. न बघता भांडणार कसे? कौतुक दोन वाक्यांत आटपतं. 'असले अण्णा नाईक आपल्यात असतात की नाही' हा वाद मात्र एसटी कुडाळला पोचेपर्यंत पुरतो, आणि ज्याने बघितली नाही तो खिडकीबाहेर बघत बसतो. मग तोही रात्री टीव्ही लावतो. पुढे मालिकेचं शूटिंग झालं तो आकेरी गावातला वाडा बघायला चाकरमानी गाड्या करून येऊ लागले.

आमच्याकडच्या दशावतारात, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या लोकनाट्यात, हे जुनंच. संवाद लिहिलेले नसतात, नट आयत्या वेळी बोलतो. काल कुणाचा नारद भारी पडला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ठरतं, आणि पुढच्या जत्रेत त्या कंपनीला गर्दी.

हल्ली मात्र जो तो मोबाइलवर आपापल्या सवडीने बघतो. मासेवालीने तोंड उघडलं की गिऱ्हाईकच हात वर करतं, "सांगा नको हां, माझो बघूचो ऱ्हवलो हा!" बिचारी सध्या क्रिकेटवर आली आहे.