बूट तुमना

तिहेरी उडीच्या फळीवर बसलेल्या पंचाने एवढंच बघायचं असतं: वीस सेंटिमीटर रुंदीची पांढरी फळी, तिची खड्ड्याकडची कड आणि धावत येणाऱ्याचा पंजा. पंजा कडेच्या पुढे गेला की लाल झेंडा. शालेय जिल्हा स्पर्धेला पंच कमी पडले म्हणून धुळ्याच्या मैदानावर त्या खुर्चीत मला बसवलं. माझाच विद्यार्थी उतरलेला असताना मी बसायला नको होतं, पण आपल्याकडे असंच चालतं.

पोरगा साक्रीकडचा, सतरा वर्षांखालचा. आदल्या संध्याकाळी मी त्याला माझे जुने स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, दिले होते. मी राज्य स्पर्धेपर्यंत उड्या मारल्या त्या बुटांत, पुढे टाच गेली आणि मी शिक्षक झालो. नऊ नंबरचे बूट, त्याच्या पायाला मोठे. पुढे कापूस कोंबला. खान्देशात कापसाला काय तोटा!

पहिली उडी लाल. दुसरीही लाल, चांगला अर्धा पंजा पुढे. तीनच उड्या मिळणार होत्या.

दुसऱ्या फाउलनंतर टाच सोलली म्हणून त्याने बूट काढले आणि सवयीप्रमाणे फळीपासून उलटं, टाचेला पंजा लावत धाव मोजायला लागला. एकशे अठरा पावलं. तो थांबला तेव्हा धाव सुरू करायच्या जागी सकाळी ठेवलेला खुणेचा दगड त्याच्या मागे जवळजवळ तीन मीटरवर होता. त्याला काही कळेना.

मला कळलं. शाळेत आम्ही अनवाणी मोजायचो, सकाळी त्याने माझ्या बुटांनी मोजलं होतं. प्रत्येक पावलामागे अडीच सेंटिमीटर जास्त, एकशे अठरा वेळा. म्हणजे दीड ढांग. आणि हा मास्तर पोरांना सांगत फिरतो की 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात एल्धोस पॉलचं सुवर्ण 17.03 मीटरवर आणि अब्दुल्ला अबूबकरचं रौप्य 17.02 वर, एका सेंटिमीटरचा खेळ आहे बाबांनो!

त्याने माझ्याकडे बघितलं. पंचाला बोलता येत नाही. मी फळीवरची वाळू झाडत बसलो.

त्याचं नाव पुकारलं. हातात एक मिनिट. तो एकदा दगडाकडे, एकदा स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. मग दगड उचलून पुढे आणला आणि अनवाणीच धावला. रेगडीवर पायांचा धपधप आवाज, आणि पंजा बरोबर फळीवर, कडेच्या आत. आधी त्याच पायावर, मग दुसऱ्या, मग दोन्ही पाय खड्ड्यातल्या पांझरा नदीच्या वाळूत. पांढरा झेंडा वर करताना माझा हात थरथरत होता, हे शेजारच्या मोजणीवाल्याने पाहिलं असावं.

12.31. तिसरा आला. दुसऱ्यापेक्षा सहा सेंटिमीटर कमी, म्हणजे विभागाला जाणं हुकलं.

एसटीत त्याने बुटातला कापूस काढून खिडकीबाहेर टाकला आणि स्पाइक्स माझ्या मांडीवर ठेवले.

“सर, बूट तुमना, पाय मना,” अहिराणीत म्हणाला, बूट तुमचा, पाय माझा, आणि हसला.

दुसऱ्या दिवशी मी क्रीडा साहित्याचं कपाट उघडलं. तीस मीटरचा टेप तिथेच होता, वेष्टनासकट.