तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या चित्रांतली माणसं निवांत का?

"एवढं सगळं जवळून बघितलंय तुम्ही, मग चित्रांत ते दिसत कसं नाही? झाडं, मोकळे रस्ते, निवांत माणसं. ही पळवाट नाही का?" मुंबईत काळा घोड्याला माझी चित्रं प्रदर्शनात लागली की कुणीतरी हे विचारतंच. बहुतेक जण मनापासून विचारतात. तिथं उभ्या उभ्या मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

माझे बाबा सफाई कामगार. आधी झाडू, मग ड्रेनेजची गँग. आमची खोली नोकरीची होती. मोरी आत, संडास मजल्याच्या टोकाला. नोकरी संपली की खोली जाते, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. वारसानं तीच नोकरी घेतली तर खोली राहते. याला आमच्याकडे 'लाड-पागेत लागणं' म्हणतात. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी द्या असं सांगणाऱ्या लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनी कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली, ते मी कधी नाकारणार नाही. पण आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच झाला की डोक्यावर छप्पर हवं तर बापाचा झाडू पोरानं उचलायचा. बाबांनी माझं नाव दिलं नाही. मी चित्रकला शिकायला जे.जे.त गेले, आणि धाकटा भाऊ आयटीआय अर्धवट सोडून बाबांच्या जागी लागला.

कॉलेजात मी तेच काढायचे जे तुम्ही आता माझ्या चित्रांत शोधता. शेवटच्या वर्षी पाच फुटी तैलचित्र केलं: मॅनहोलमधून छातीपर्यंत वर आलेले बाबा. अंगावरचा गाळच रंगवायला तीन आठवडे लागले. बर्न्ट अंबर, प्रशियन ब्लू, वरून तेलाचा पातळ हात, गाळ ओला चकाकावा म्हणून. सगळ्यांनी वाखाणलं. प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, इथंसुद्धा मला आतच ठेवलंस?"

ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. परतताना लोकलमध्ये चित्राबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या शर्टाकडे बघत बसले होते. लेकीचं चित्र बघायला निघताना ते आरशासमोर उभे राहून जसे तयार झाले असतील, तसं मी त्यांना एकदाही काढलं नव्हतं.

बाबा सांगायचे, आत सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर कळतं तरी. वास यायचा थांबला की वर पळायचं. ते खरंच आहे. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणसाला वाटतं, हवा साफ झाली. माझ्या गाळाच्या चित्रांसमोर लोक हळहळायचे, पुढच्या भिंतीकडे वळायचे, आणि दुसऱ्यांदा तेच लोक आले की हळहळ कमी झालेली असायची. अशी चित्रं, असे फोटो काढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पुरावा लागतोच. फक्त माझ्या बापाचा पुरावा मला पुन्हा करायचा नव्हता.

हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. गटारात जीव गेला तर कुटुंबाला १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ते ३० लाख केले आणि ही प्रथा पुरती संपवा असंही बजावलं. आमच्या वस्तीत कुणालाही विचारा, ३० लाखांचा आकडा ठाऊक असतो. पण ज्या शहरात कुणीच आत उतरत नाही, ते शहर कसं दिसेल म्हटलं की सगळे गप्प होतात. मीही गप्प झाले होते. तिथून माझी ही चित्रं सुरू झाली.

संत रोहिदासांचं बेगमपुऱ्याचं पद मला याच काळात भेटलं. ते गुरू ग्रंथसाहिबात आहे. बेगमपुरा म्हणजे जिथं गम नाही ते गाव. तिथं कर नाही, धाक नाही, दुय्यम-तिय्यम कुणी नाही, आणि माणूस मनाला येईल तिथं फिरतो. या फिरण्यापाशी मी अडले. सगळ्यात सुंदर गावाचं वर्णन करताना 'फिरायला मिळतं' हे कुणाला सुचेल? कुठून चालायचं आणि कुठून नाही, हे ज्याला जन्मापासून ठरवून दिलेलं असतं, त्यालाच. चामड्याचं काम करणाऱ्या त्या माणसाला जे जे नाकारलं होतं, ते सगळं त्या नगरीत मोजून ठेवलेलं आहे. त्याला पळवाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून चित्राला हात घालण्याआधी मी वस्तीत जाऊन विचारते, काय काय हवं? आई म्हणाली, संडासाला आतून नीट लागणारी कडी, आणि बाहेरून दार वाजवणारं कुणी नको. सफाई कामगारांच्या हजेरी चौकीवरच्या एकानं गरम पाणी आणि साबण मागितला. बाबांच्या गँगमधले एक काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "ड्युटी संपवून बसमध्ये बसलो की शेजारचा उठून जाऊ नये." ते बसचं चित्र तुम्हाला आठवत असेल. खिडकीशी खाकी कपड्यातला माणूस, त्याच्या खांद्याला खांदा लावून डबा मांडीवर घेतलेली बाई, दोघंही झोपेला आलेली. पुष्कळ जण त्याच्यासमोर "किती साधं, किती शांत" म्हणतात. काकांनी बघितलं तेव्हा त्यांनी बाईच्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून राहिले.

सध्या नवा कॅनव्हास चालू आहे. आमचीच गल्ली, पण खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर झालेल्या. नोकरी कुणाची कुठलीही असो, घर हलत नाही. बाबा आता नाहीत. दारात खुर्ची टाकून पेपर वाचताना मी त्यांना बसवलंय, शर्ट तोच. समोर भावाचा आठ वर्षांचा मुलगा उभा आहे. त्याच्या हातात काय द्यावं, पतंग, पुस्तक की बॅट, यावर माझे आठ दिवस गेले. परवा भावाची बायको चहा घेऊन आली, कॅनव्हासकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "ताई, हात रिकामेच राहू देत त्याचे."

तसेच ठेवलेत.