यादीतलं नाव

मंगळवार, रात्री उशिरा

यांच्या घड्याळात निखिलचं नाव आहे. वरदाचं आहे. माझं नाही.

दुपारपासून हेच डोक्यात आहे. रागावले होते, तो राग चहाबरोबर गेला. राहिलंय ते काहीतरी वेगळं आहे, आणि त्याला काय म्हणावं ते कळत नाहीये म्हणून लिहायला बसले.

गोळ्यांची नावं नीट भरली आहेत का, एवढंच बघायला मी यांचा फोन हातात घेतला. मेडिकल आयडी म्हणतात त्यात रक्तगट, औषधं, ॲलर्जी भरून ठेवली की फोन लॉक असला तरी रस्त्यावरच्या परक्या माणसालाही ते वाचता येतं. निखिल भरत होता तेव्हा सांगत मीच होते. रक्त पातळ करणारी गोळी कोणती, किती पॉवरची, सल्फाचं औषध का चालत नाही, हे यांना स्वतःला विचारलं तर माझ्याकडे बघतील. आणि त्याच पानावर खाली, संकटात कोणाला कळवायचं तिथे, ती दोन नावं.

विचारलं. पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, तू घरातच असतेस. तुला घड्याळाने कशाला सांगायला हवं?"

पण वरदाने घड्याळ पाठवलं ते काय घरात घालायला? लालबागेतल्या चकरेसाठी पाठवलं. थंडीत पुरतं उजाडायच्या आधी निघतात, काठी नको, सोबत कुणी नको. तिथे पडले तर मी इथे ओट्याशी पोहे भिजवत असणार आणि मला कळणार निखिलकडून. नाहीतर वरदाकडून, म्हणजे लालबागेतली बातमी टोरांटोला जाऊन लोकमान्यनगरात येणार. आयुष्यभर यांचा ताप मला थर्मामीटरच्या आधी कळला. आता मी तिसरी.

निखिलने सगळं समजावलं होतं. ॲपलच्या घड्याळात ही सोय 2018 पासून आहे, आणि वय 55 किंवा जास्त टाकलं की ती आपोआप चालू होते. माणूस जोरात आपटला की घड्याळ मनगटावर थापट्या मारतं, वाजतं, विचारतं. ठीक आहे म्हणून बटण दाबलं तर गप्प बसतं. साधारण मिनिटभर काहीच हालचाल दिसली नाही तर 30 सेकंद उलटे मोजतं आणि मग मदतीचा नंबर लावतं. तो फोन झाला की यादीतल्या सगळ्यांना निरोप जातो, कुठे पडले त्या जागेसकट. सगळ्यांना जातो, एकाला नाही! मग तिसरं नाव घालायला काय जड होतं?

संध्याकाळी पुन्हा विषय काढला तेव्हा खरं बोलले. "तू घाबरतेस. आणि तुझ्याने मी उचलला जाणार नाही. निखिलकडे गाडी आहे."

आप्पांच्या वेळचं काढलं नाही त्यांनी. पण दोघांनाही तेच आठवलं. ते आज नको.

खूप वाईट वाटलं. देवापाशी दिवा लावतानाही तेच. मग पोळ्या लाटता लाटता खरोखरच विचार करून पाहिला. समजा निरोप आला. मी चप्पल शोधणार, कुलूप लावणार, कोपऱ्यावर रिक्षा बघणार. निखिल तोवर पोचून यांना गाडीत घालूनही निघाला असेल. मला आधी कळावं, की यांना आधी मदत मिळावी? असं स्वतःला विचारल्यावर पोळी तव्यावर टाकायची राहिली.

निखिलचं नाव हवंच. तो इथे आहे म्हणून वरदाला तिकडे झोप लागते.

पण एक गोष्ट घड्याळाला येत नाही, निखिललाही नाही. हळूच घसरून खाली बसलेला माणूस घड्याळाला पडलेला वाटेलच असं नाही. आणि जोरात पडले तरी हे काय करणार, मला माहीत आहे. ठीक आहे म्हणून बटण दाबणार, पायजमा झटकणार, नेहमीच्या ठेल्यावर जिलबी घेणार आणि घरी येऊन एक शब्द बोलणार नाहीत. डॉक्टरांनी बजावलंय, ही गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर वरून काही दिसो न दिसो, दाखवायला यायचंच. आतला रक्तस्राव नंतरही उमटतो. ते घड्याळ ओळखणार नाही. दार उघडल्यावर यांचा चेहरा बघून ते मी ओळखीन. दवाखान्यात कालची गोळी घेतली होती का म्हणून विचारतील तेव्हाही निखिलला मलाच फोन करावा लागेल.

माझ्या मनगटावर काही नाही, हेही आजच लक्षात आलं. असो.

उद्या निखिल आला की तीन कामं सांगायची आहेत. यादीत माझं नाव घाल, तिसरं चालेल. आलेल्या निरोपातला नकाशा कसा उघडायचा ते मला शिकव, दोनदा शिकव. आणि फिरायला जाताना फोन खिशात असलाच पाहिजे हे यांना तूच सांग, कारण हे घड्याळ सिमवालं नाही आणि फोन फ्रिजवर राहिला तर बागेतून कुणालाच काही कळणार नाही.

चार्जिंगचं मी बघते. हे रात्री उशाशी लावून झोपतात, आणि अंधारात बाथरूमला उठतात तेही रात्रीच. उद्यापासून जेवताना लावायचं. ताट वाढायच्या आधी मी घड्याळ काढून घेणार, हात धुतले की परत मनगटावर बांधणार.