हेलियममध्ये शिरलेला पावसाळा

पॉवर सप्लाय चालू केला आणि ऑसिलोस्कोपवर करंटचा आलेख काट्यांनी भरून गेला. आम्ही वायूतून वीज सोडून त्याला चमकवतो, यालाच डिस्चार्ज म्हणतात. मांडणी साधी आहे: दोन क्वार्ट्झ प्लेटा, मध्ये ३ मिलिमीटरची फट, फटीतून वाहणारा हेलियम, दाब वातावरणाइतकाच. एरवी व्होल्टेजच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात करंटचा एकच गुळगुळीत उंचवटा येतो आणि सगळी फट एकसारखी उजळते. आज त्या जागी नॅनोसेकंदांत संपणारे काटे होते, फटीत जांभळे ठिपके नाचत होते. हवा भरलेली असली की असं होतं, चमक ठिणग्यांसारख्या बारीक तंतूंत तुटते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत छपाईआधी प्लास्टिक फिल्मला जी कोरोना ट्रीटमेंट (विजेची प्रक्रिया) देतात ती याच जातीची, तिथे असे तंतू चालतात. आमचं काम मात्र एकसंध डिस्चार्जवर.

"प्लेट तडकली असणार," सर म्हणाले.

नवी प्लेट म्हणजे खर्च आणि लांबलेली वाट. म्हणून आधी लिसाजू आकृती काढली. मॅन्ले यांची १९४३ सालची ही पद्धत मला फार आवडते. एका अक्षावर व्होल्टेज, दुसऱ्यावर साठलेला चार्ज. तंतूंच्या डिस्चार्जमध्ये समांतरभुज चौकोन मिळतो. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनात खर्च झालेली ऊर्जा, आणि उभट बाजूचा चढ म्हणजे नुसत्या क्वार्ट्झची कपॅसिटन्स, चार्ज साठवायची क्षमता. तो चढ प्लेटच्या जाडीवरून काढलेल्या आकड्याशी जुळला. प्लेटा ठणठणीत होत्या. पण फटीत कोणता वायू आहे, हे त्या चौकोनातून कळत नव्हतं.

मग प्रकाशातल्या तरंगलांबी वेगळ्या करून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा फायबर फटीसमोर लावला. ७०६.५ नॅनोमीटरची हेलियमची रेषा दबलेली. नायट्रोजन आयनाचा ३९१.४ चा पट्टा आमच्याकडे कायम उंच असतो, कारण हेलियमच्या मेटास्टेबल, म्हणजे ऊर्जा धरून बसलेल्या, अणूंकडे १९.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात आणि अशुद्धी म्हणून आलेल्या नायट्रोजनचं आयनीभवन करून त्याला चमकवायला तेवढे पुरतात. आज तो खाली बसला होता आणि साध्या नायट्रोजनचा ३३७.१ चा पट्टा त्याच्या डोक्यावर गेला होता. नायट्रोजन फार झाला की मेटास्टेबल लवकर संपतात. शिवाय ३०९ ला हायड्रॉक्सिलचा पट्टा, म्हणजे पाणी. बाहेर आठवडाभर पाऊस कोसळत होता. ती ओली हवा आत आली होती.

आली कुठून? वायूचा प्रवाह किती, ते रोटामीटरमधला मणी दाखवतो. "ताई, रोटामीटरचा मणी तर नेहमीच्याच रेघेवर आहे," लॅबमधले काका म्हणाले, आणि साबणाचं पाणी घेऊन रोटामीटरच्या पुढच्या नळीवर बसले. प्लेटा ज्यात बसवल्या आहेत त्या चेंबरजवळच्या नटावर बुडबुडे फुगले. मोजलेला हेलियम चेंबरच्या दाराशीच निसटत होता; आतला प्रवाह मंदावला, आणि उघड्या एक्झॉस्टमधून हवा उलटी शिरली. मणी बरोबरच होता, गळती त्याच्या पुढे होती.

टेफ्लॉन टेप गुंडाळून नट आवळला. हवा लवकर धुऊन निघाली, ३९१.४ वर आला, काटे विरळ होत एकच उंचवटा उरला. ओलावा मात्र चिवट. भिंतींना आणि प्लेटांना चिकटलेलं पाणी सुटत राहतं, त्यामुळे ३०९ संध्याकाळपर्यंत हटेना आणि मोजमापं पुढे ढकलावी लागली. तेव्हापासून करंटचा आलेख दाखवायला गेलं की सर आधी विचारतात, "तीनशे नऊ किती?"