टॉरीचा वस्तरा आणि ठाण्याचा पावसाळा

माझ्याकडचा जे. आर. टॉरी वस्तरा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर गावात बनलेला. जुना वस्तरा घेताना मी धारेआधी पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, बघतो. पाजळताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, धारेचा कोन त्यातूनच ठरतो. पाठ फार झिजली असेल तर कोनच बदललेला असतो.

१००० ग्रिटचा दगड सगळ्यात महत्त्वाचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). इथे घाई केली तर पुढचे ४०००, ८००० आणि १२००० काही वाचवू शकत नाहीत. दगडावरचं पाणी पात्यापुढे सरकत जाऊन टोकापासून बुडापर्यंत सारखं धारेवर चढायला लागलं की मला फार आनंद होतो. मग वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा: पाठ पुढे, धार मागे, आणि पातं उलटायचं ते पाठीवरच.

दाढी करताना कातडी ताणून, पातं कातडीशी साधारण ३० अंशांत धरून, हलक्या हातानं. जोर लावावा लागला तर धार कमी आहे.

कार्बन स्टील आपल्या नौपाड्यातल्या जुलैत बघता बघता गंजतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवूच नका. मुठीच्या फटीतलं पाणीही टिपा, पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या आणि कपाटात ठेवा.